गावचे वाचनालय, संगणकीकरणानंतर

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने अलीकडे तीन नवी कामे हाती घेतली आहेत. ग्रंथांची यादी संगणकावर आली, अभ्यासिकेत इंटरनेट आले आणि जुन्या बांधीव अंकांचे स्कॅनिंग झाले. या तिन्ही सेवा मी सभासद म्हणून वापरल्या असून त्यांचे मूल्यमापन वाचकाच्या बाजूने करीत आहे. यादीचे काम उत्तम झाले आहे, इंटरनेट कामापुरते बरे आहे आणि स्कॅनिंग फसले आहे. तिन्ही कामांना पैसा साधारण सारखाच कमी होता. मग निकाल इतके वेगळे का लागले, हा प्रश्न तंत्रज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येक लहान वाचनालयाच्या कामाचा आहे.

पैशाचे आधी सांगतो, कारण त्याशिवाय बाकीचे न्यायाने वाचता येणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा आहे. त्याखालील व्यवस्थेत वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्या-त्या वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान मिळते. २०२२ मध्ये राज्य शासनाने या अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपयांवर गेले. आमचे वाचनालय ‘इतर ब’ वर्गात, म्हणजे जिल्हा वा तालुका ग्रंथालय नसलेल्या ‘ब’ वर्गात, मोडते. त्याला या वाढीनंतर वर्षाला ३,०७,२०० रुपये, म्हणजे महिन्याला २५,६०० रुपये पडू लागले आणि त्यातच ग्रंथपाल, लिपिक व शिपाई यांचे वेतन, ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रे, विजेचे देयक आणि आता इंटरनेट असे सगळे भागवावे लागते. अनुदान हप्त्यांनी येते आणि हप्ता लांबला की वेतनही लांबते. या रकमेत शहरातील ग्रंथालयांसारखी चिप लावलेली पुस्तके आणि आपोआप देवघेव करणारी यंत्रे मागणे गैर आहे. सुदैवाने संचालक मंडळाने तो मोह आवरला.

यादीसाठी ‘कोहा’ ही मुक्त संगणक प्रणाली निवडली गेली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागाच्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडण्याची भीती होती. महागडी नवी प्रणाली घेण्याऐवजी त्यांनी स्वतःची करवून घेतली, ती जानेवारी २००० मध्ये वापरात आली आणि पुढे जगाला फुकट दिली. लहान गावच्या अडचणीतून निघालेले साधन लहान गावाला मानवते, एवढे मी अनुभवाने म्हणेन. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणालीही उपलब्ध आहे आणि तिची निवड केली असती तरी माझी तक्रार नसती. खरे काम प्रणालीच्या निवडीनंतर सुरू होते.

वाचनालयाची जुनी यादी एका टंकलेखन केंद्राने युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली होती. पडद्यावर ती मराठी दिसे, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची गिचमिड होती आणि तिच्यात काहीही शोधता येत नसे. ग्रंथपालताईंनी ती यादी परिवर्तकातून काढली आणि समाधान न मानता प्रत्येक नोंद दाखल नोंदवहीशी, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहिलेल्या वहीशी, ताडून पाहिली. त्या नोंदवहीच्या काही पानांच्या कडा उदईने खाल्लेल्या आहेत, तेव्हा कित्येक दाखल क्रमांक कपाटातील पुस्तक हातात घेऊनच ठरवावे लागले. हे काम कुणाला दिसत नाही आणि उद्घाटनाच्या फोटोत तर मुळीच येत नाही, पण वाचकाला आज जी सोय मिळते ती सगळी त्यावर उभी आहे.

मराठीतील शोधाच्या अडचणी इंग्रजी ग्रंथालयांच्या माहितीपत्रकांत सापडत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातील अर्धा ऱ संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे नोंदवता येतो. दोन्ही छापून सारखे दिसतात, तरी एकाने शोधल्यास दुसऱ्याने लिहिलेले पुस्तक निघत नाही. लेखकाच्या नावातील आद्याक्षरांमध्ये कुणी जागा सोडतो, कुणी सोडत नाही, कुणी टिंब देतो, कुणी विसरतो आणि एकाच लेखकाची पुस्तके तीन ठिकाणी विखुरतात. त्याहून मोठी अडचण सामान्यरूपाची आहे. ‘कापूस’ असे शोधणाऱ्या शेतकऱ्याला ‘कापसावरील कीड’ असे शीर्षक असलेले पुस्तक यंत्र आपण होऊन दाखवत नाही आणि ‘कपाशी’ म्हणणाऱ्याला तर दोन्ही दाखवत नाही. ताईंनी यावर उपाय केला तो असा: प्रत्येक लेखकाचे एकच प्रमाण नाव ठरवले, ऱ एकाच पद्धतीने नोंदवला आणि शेतीच्या प्रत्येक पुस्तकाला कापूस, कपाशी, पऱ्हाटी, बोंडअळी असे गावात बोलले जाणारे विषयशब्द जोडले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने या जिल्ह्याचा हंगाम बुडवला होता. तेव्हापासून या विषयावर जमलेल्या पुस्तिका, त्यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्याही आल्या, आता ‘बोंडअळी’ एवढा एक शब्द टाकला की एकत्र निघतात. पूर्वी त्या ‘संकीर्ण’ असे लिहिलेल्या कपाटात पडून होत्या.

ही यादी घरबसल्या मोबाइलवर पाहता येते आणि पुस्तक बाहेर गेले आहे की कपाटात आहे हेही कळते. आसपासच्या खेड्यांतून बस धरून येणाऱ्या सभासदाची फेरी त्यामुळे वाचते. एक त्रुटी नोंदवतो. हरवलेली आणि निर्लेखित झालेली, म्हणजे नोंदीतून काढून टाकलेली, काही पुस्तके अद्याप ‘उपलब्ध’ म्हणून दिसतात. वार्षिक ग्रंथमोजणी झाल्याबरोबर ती दुरुस्त व्हावीत.

ई-पुस्तकांबाबत सभासदांच्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि वाचनालयाचे हात बांधलेले आहेत. छापील पुस्तक विकत घेतले की ते कितीही वाचकांना फिरवता येते. ई-पुस्तक मात्र बहुधा व्यक्तीपुरत्या परवान्यावर मिळते आणि वाचनालयाला ते सर्वांना द्यायचे तर प्रकाशकाशी निराळा करार करावा लागतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, हेही अनेकांच्या गावी नसते आणि कुणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या नव्या कादंबरीची फाइल वाचनालयाच्या संगणकावर ठेवा, अशी मागणी सरळ केली जाते. ती मागणी येथे नाकारली जाते, हे योग्य आहे. त्याऐवजी वाचन कक्षाच्या भिंतीवर क्यूआर कोडचा एक फलक लावला असून त्यावरून मराठी विश्वकोश, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची विनामूल्य ई-पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि खरगपूर आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय थेट उघडते. कायदेशीर आणि फुकट असे मराठीत इतके साहित्य आहे, हे मला स्वतःला या फलकावरून नव्याने कळले. फलक दाराजवळ हलवावा. सध्या तो मासिकांच्या मांडणीमागे अर्धा झाकला जातो.

अभ्यासिकेची गर्दी पोलीस भरती, तलाठी भरती आणि राज्यसेवा यांच्या वेळापत्रकाप्रमाणे वाढते-घटते. मुलांना येथे मुख्यत्वे जुन्या प्रश्नपत्रिका, जाहिराती आणि शासन निर्णय उतरवून घ्यायचे असतात. त्यासाठी इंटरनेटचा वेग पुरतो, परंतु संध्याकाळी सगळे एकदम व्हिडिओ पाहू लागले की कुणालाच काही मिळत नाही. राउटरमध्ये प्रत्येकाला ठराविक वाटा नेमून देता येतो. तो अजून नेमलेला नाही आणि यासाठी एक रुपयाही खर्च नाही, म्हणून याबाबत मी थोडा कडक आहे. विजेची व्यवस्था मात्र विचारपूर्वक केली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो आणि वीज दुपारीच जाते, त्या वेळी इन्व्हर्टरवर राउटर, देवघेवीचा संगणक आणि अभ्यासिकेतील पंखे एवढेच चालतात. शोभेचा मोठा पडदा त्यावर नाही. इंटरनेटची तारच तुटली तर इन्व्हर्टरही निरुपयोगी ठरतो, यावर एक उपाय सुचवावासा वाटतो. ‘किविक्स’ नावाच्या विनामूल्य प्रणालीद्वारे संपूर्ण मराठी विकिपीडिया एका लहानशा संगणकात साठवून, इंटरनेटशिवाय, केवळ वाचनालयाच्या वायफायवर वाचता येतो. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे रस्त्याचे काम निघाले की केबल उखडते, तिथे ही सोय प्रत्येक वाचनालयात असावी.

ज्या सेवेची कोणी जाहिरात केली नाही तीच सर्वांत जास्त वापरली जाते. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची पद्धत आली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही १५ रुपये भरून घरून काढता येतो. परंतु “ताई, पीक पाहणी इथं करून देता काय?” असे विचारणारी माणसे खरिपात रोज येतात, कारण मोबाइल आहे, पण अक्षर लहान आहे, पासवर्ड मुलाच्या नावावर आहे आणि मुलगा पुण्याला आहे. ताई स्वतः अर्ज भरत नाहीत. अभ्यासिकेतील एखाद्या मुलाला शेजारी बसवतात आणि शेतकऱ्याच्या हातूनच भरवून घेतात. ही पद्धत मला फार पटली. सेवा केंद्रात काम लवकर होते, येथे माणूस पुढच्या हंगामात एकटा येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्रांनी ग्रंथपालांची गरज संपेल, असे बोलणारे आमच्याही पारावर आहेत. प्रत्यक्षात उलट घडताना दिसते. मुले मोबाइलवरील यंत्राकडून संदर्भग्रंथांची यादी घेऊन येतात. तिच्यातील काही पुस्तके खरी असतात, काहींचे लेखक बदललेले असतात आणि काही पुस्तके कुणी कधी लिहिलेलीच नसतात. ही यंत्रे शब्दामागे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधून वाक्य रचतात, त्यामुळे नसलेले शीर्षकही खऱ्यासारखे सफाईदार उतरते. मराठी मजकूर त्यांना कमी मिळालेला असल्याने विदर्भाच्या स्थानिक विषयांवर ही गफलत अधिक जाणवते. ताई अशी यादी आली की आपल्या तालिकेत, म्हणजे संगणकावरील ग्रंथांच्या यादीत, आणि विश्वकोशात तपासून मुलाच्या समोरच खोटी नावे खोडतात. याच तपासणीचा एक तासाचा वर्ग महिन्यातून एकदा घ्यावा, असे मी अभिप्राय वहीत लिहून आलो आहे.

आता स्कॅनिंग. वाचनालयात जुन्या स्थानिक साप्ताहिकांचे आणि गावच्या उत्सवांच्या स्मरणिकांचे बांधीव खंड आहेत आणि ते इतरत्र मिळण्याची शक्यता फारशी नाही. हे काम बाहेरच्या एका कंत्राटदाराला पानामागे दर ठरवून दिले गेले. त्याने मोबाइलने छायाचित्रे काढली, बांधणीकडील मजकूर वाकडा आला, काही पानांवर बोट आले आणि सगळे एका पेन ड्राइव्हवर देऊन तो मोकळा झाला. छापील मजकुराचे स्कॅन निदान ३०० डीपीआयचे, म्हणजे इंचामागे ३०० ठिपक्यांचे, हवे, पान सपाट हवे आणि त्यावरून अक्षर ओळखणारी प्रणाली चालवून शोधता येण्याजोगा मजकूर तयार व्हायला हवा. टेसरॅक्टसारख्या विनामूल्य प्रणालीला मराठी येते, मात्र तिला वाचण्याजोगे पान द्यावे लागते. करारात यातले काहीच लिहिलेले नव्हते. संचालक मंडळाने पुढचे पैसे देण्यापूर्वी निदान एका खंडाचा नमुना मागावा, प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ खंड कुठल्याही परिस्थितीत रद्दीत काढू नयेत.

आणखी एक गोष्ट खटकते. मुदत संपलेल्या पुस्तकांची यादी सभासदांच्या नावांसह व्हॉट्सॲप गटावर टाकली जाते. कोण कोणते पुस्तक वाचतो हे गावाला कळण्याचे कारण नाही. एखाद्या बाईने कायद्याचे वा आजाराचे पुस्तक नेले असेल तर ती पुन्हा येणार नाही. प्रणाली प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल पाठवू शकते आणि ईमेल नसलेल्यांना लिपिकाने फोन करावा. सभासदत्वासाठी घेतलेल्या आधारच्या छायाप्रतीही उघड्या खणात असतात, त्यांना कुलूप हवे.

दृष्टी कमी झालेल्या वाचकांसाठी एका संगणकावर ‘एनव्हीडीए’ हे पडदा वाचून दाखवणारे विनामूल्य साधन बसवले आहे. त्याचा मराठी आवाज यांत्रिक आहे, पण वर्तमानपत्र समजते. मुलांच्या कोपऱ्यातील टॅबवर खेळच चालतात, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

नवीन सभासदांसाठी: वाचनालय सकाळी व संध्याकाळी उघडे असते, दुपारी फक्त अभ्यासिका चालू राहते. पहिल्या भेटीत तालिकेचा दुवा मोबाइलवर घालून मागा आणि तुमच्या पिकाचा, व्यवसायाचा वा गावाचा एखादा शब्द टाकून पाहा. काही निघाले नाही तर तो शब्द ताईंना सांगा, त्या आठवड्याभरात नोंदींना जोडतात.