इंदूरमधलं इलेक्शन कव्हरेज पॅकेज : दोन स्टार, तेही कॅमेरावाल्या पोरासाठी

नाव लिहीत नाही, भांडण नको. राजवाड्यापासून जवळच ऑफिस आहे, खाली मोबाईल कव्हरचं दुकान, वर हे लोक. छोट्या उमेदवारांना "मीडियात आणतो" म्हणतात.

तर नोव्हेंबर २०२३ च्या विधानसभेला आमचे काका अपक्ष उभे राहिले. बँकेतून रिटायर, रामबागेत घर, मुद्दा एकच, ड्रेनेज. मॉर्निंग वॉक आणि गणपती मंडळातून अपक्षाला लागतात ते दहा प्रस्तावक जमवले. काकू म्हणाल्या अहो डिपॉझिटचे १०,००० जातील, एक षष्ठांश मतं काय आपल्याला मिळतात होय, तर म्हणे जाऊ दे, पेपरात तर येईल! पण पेपरात येणारच कसं, दूरदर्शन आणि आकाशवाणीवरचा फुकट वेळ फक्त मान्यताप्राप्त पक्षांना, आणि पेपरवाल्यांच्या लेखी आपण सगळे "अन्य". म्हणून हे पॅकेज घेतलं, ३५ हजार, त्यात आठ रील, दोन इंटरव्ह्यू, एक प्रेस कॉन्फरन्स, पॅम्प्लेट आणि शेवटी सगळं पेन ड्राइव्हमध्ये.

पहिली कटकट पैशावरून. कॅश द्या म्हणाले. काका बँकवाले, त्यांनी सांगितलं १०,००० च्या वर कॅश चालत नाही, निवडणुकीचं वेगळं खातं आहे त्यातूनच चेक देणार, बिल पाहिजे, निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचाय. समोरचा म्हणे "भिया, आप पहले कैंडिडेट हो जो बिल मांग रहे हो." बिल मिळालं पण त्यासाठी मी चार चकरा मारल्या.

२ नोव्हेंबरला अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि मग चिन्हं वाटली, मतदान १७ ला, १५ ला संध्याकाळी प्रचार बंद, म्हणजे हातात जेमतेम तेरा दिवस. त्यात १२ ला लक्ष्मीपूजन. यांचं ऑफिस १० पासून १४ पर्यंत बंद! सणाला सुट्टी घ्या हो, पण मग पॅकेज विकताना सांगा ना.

आता रील. काकांचं चिन्ह कप-बशी. पहिलीच रील आली त्यात मोठ्ठी केटली, वर ढोल-ताशे, "इस बार बटन दबाओ" वगैरे. आणि केटली दुसऱ्याच अपक्षाला मिळालेली! तीन तास त्याचा फुकट प्रचार झाला, त्याचा पुतण्या थँक्यू म्हणून गेला. मी फोन केला तर उत्तर, "चाय तो दोनों में ही है ना भिया."

पॅम्प्लेटवर छापणाऱ्याचं नाव-पत्ताच नाही. कायद्याने लागतो तो, कलम १२७ क, हे प्रिंटिंगवाल्या माणसाला मी सांगायचं? २,००० पॅम्प्लेट आमच्या माळ्यावर पडलेत, काकू त्यावर किराण्याची यादी लिहितात.

प्रेस कॉन्फरन्सला सात माईक. छान वाटलं. मग लक्षात आलं की त्यातल्या चार माईकला वायरच नव्हती. कचोरी संपली तशी प्रेसही संपली. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने काकांचं आडनाव दोनदा चुकवलं आणि ड्रेनेज सोडून विचारलं काय, तर मोठ्या पक्षाचं तिकीट मिळालं असतं तर घेतलं असतं का. व्हिडिओला जे काही व्ह्यूज आले ते बहुतेक पुण्याच्या आत्याचे आणि आमच्या फॅमिली ग्रुपचे असावेत.

चांगलं म्हणाल तर तो कॅमेरावाला पोरगा. वीस-एकवीसचा असेल, तो स्वतःहून काकांना त्यांच्या गल्लीतल्या उघड्या चेंबरपाशी घेऊन गेला, म्हणाला अंकल, यहीं खड़े होके बोलो, कागद मत पढ़ो. चाळीस सेकंद. तेवढा एकच व्हिडिओ पोहेवाल्यापर्यंत पोचला, दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं "काका, चेंबर का क्या हुआ?"

डिपॉझिट गेलं, ते जाणारच होतं.

आणि कहर म्हणजे २९ एप्रिल २०२४ ला, लोकसभेच्या वेळी काँग्रेसच्या उमेदवाराने इंदूरचा अर्ज मागे घेतला त्या संध्याकाळी यांचा परत फोन, मैदान खाली है, काकाजी को उतार दो, डिस्काउंट देंगे. अरे बाबांनो, फॉर्म भरायची मुदत २५ लाच संपली होती! पुढे सगळे कॅमेरे नोटाच्या मागे लागले आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. काका पेपर घडी घालून म्हणाले, "बघ, एकही इंटरव्ह्यू न देता."

पेन ड्राइव्ह अजून मिळालेला नाही.