घोडबंदर रस्त्यावरील रोबोटिक पुनर्वसन केंद्र: पायासाठी जरूर, हातासाठी विचारपूर्वक

पक्षाघाताने वडिलांची डावी बाजू लुळी पडल्यावर आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका केंद्रात रोबोटिक उपचार सुरू केले. केंद्र चांगले आहे आणि त्याचे मोठे श्रेय मी तेथील फिजिओथेरपिस्ट मंडळींना देईन.

चालण्याच्या यंत्रात पट्ट्यांच्या आधाराने रुग्णाचा काही भार उचलून धरला जातो आणि खुब्याला व गुडघ्याला बांधलेले यांत्रिक पाय ट्रेडमिलवर पावले टाकवून घेतात. दोघांनी धरून चालवताना जमणार नाहीत इतकी पावले त्यामुळे एका सत्रात पडतात, आणि मेंदूच्या शाबूत भागाला हालचाल नव्याने शिकवायला अशी पुनरावृत्ती लागतेच. मात्र सगळे काम यंत्राने केले आणि रुग्ण नुसता लटकून राहिला, तर शिकणे होत नाही. म्हणून आमच्या थेरपिस्ट यंत्राची मदत टप्प्याटप्प्याने कमी करत गेल्या. "काका, आता पाय तुम्ही उचला, यंत्राला उचलू देऊ नका," असे बजावत त्यांची नजर वडील स्वतः किती जोर लावतात हे दाखवणाऱ्या पडद्यावरील रेषेवर असे.

ऑगमेंटेड रिॲलिटीचा, म्हणजे खऱ्या दृश्यावर आभासी वस्तू दाखवणाऱ्या तंत्राचा, उपयोग मला अधिक मोलाचा वाटला. वडिलांचे डावीकडे लक्षच जात नसे. ताटातली कोशिंबीर आणि चटणी तशीच राहायची. चष्मा लावल्यावर खरे टेबल आणि स्वतःचा हात दिसतो, त्यावर आभासी पेले मांडलेले असतात, आणि थेरपिस्ट ते थोडे थोडे डावीकडे सरकवत नेतात. हल्ली जेवताना ते चटणी स्वतःहून शोधतात.

हाताच्या रोबोटविषयी मात्र सावध राहावे. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाताच्या रोबोटिक प्रशिक्षणाने नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताची कार्यक्षमता अधिक सुधारल्याचे दिसले नाही. चालण्याच्या बाबतीत पुरावा बरा आहे: फिजिओथेरपीच्या जोडीने यंत्र वापरल्यास स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते, आणि पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, त्यातही ज्यांना अजिबात चालता येत नाही अशांना, फायदा अधिक होतो. असे असताना केंद्राच्या काउंटरवर पाय आणि हात यांचे एकत्रित पॅकेज आगाऊ पैसे घेऊन गळ्यात मारले जाते, हे मला पटले नाही.

पट्ट्या बांधण्यात आणि मापे जुळवण्यात सत्राचा बराच वेळ जातो, तोही सत्रातच धरतात. अहवालात पावले आणि अंतर छापतात, पण यंत्राने किती मदत केली हा आकडा मागितल्याशिवाय मिळत नाही. तो प्रत्येक वेळी मागून घ्यावा.