सतराव्या वर्षी कॅनडा की घरचाच क्लब?

अंगाने भरलेला, टक्कर द्यायला न कचरणारा, आइस हॉकी खेळणारा स्विस बचावपटू सतरा वर्षांचा झाला की घरात एकच चर्चा सुरू होते. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये पाठवायचं, की घरच्याच क्लबात मोठ्यांच्या संघात जागा मिळायची वाट बघायची?

ह्या दोन वाटांनी गेलेले दोघे 1990 सालीच जन्मले आणि एकाच ड्राफ्टमध्ये निवडले गेले. (ड्राफ्ट म्हणजे एनएचएल ह्या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लीगचे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तो.) लुका स्बिसा झुगच्या क्लबात घडला आणि 2007 मध्ये अल्बर्टातल्या लेथब्रिजला गेला. रोमन योसी बर्नमध्येच राहिला. 2008 च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने स्बिसाला 19 वा उचलला, नॅशविलने योसीला 38 वा. इथवर कॅनडाची वाट सरस.

त्याचं मोठं कारण बर्फाच्या मापात आहे. उत्तर अमेरिकेतलं रिंक सुमारे 26 मीटर रुंद, युरोपातलं पारंपरिक रिंक 30 पर्यंत. चार मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण कडेने पक (हॉकीची रबरी चकती) घेऊन येणाऱ्याला अरुंद रिंकवर पळायला जागाच उरत नाही. बचावपटू दोन पावलं सरकतो, स्टिक पकवर टाकतो, खांदा लावतो, की समोरचा कडेच्या बोर्डावर. रुंद बर्फावर हाच धसमुसळेपणा अंगाशी येतो: कबड्डीत कोपऱ्यातल्याने घाईने पकड टाकावी आणि चढाईवाला निसटावा, तसं. हिट मारणाऱ्याला कॅनडात लवकर भाव मिळतो तो ह्यामुळे. उंची-वजन बघणारे स्काउटही तिथल्या स्टँडमध्ये जास्त.

आता दुसरी बाजू. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेल्या खेळाडूला त्या वेळच्या नियमाप्रमाणे वीस वर्षांचा होईपर्यंत एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या एक पायरी खालच्या लीगमध्ये, पाठवता येत नसे. एक तर थेट एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. (नियमाला आता थोडी फट पडते आहे, पण सरसकट नाही.) स्बिसा अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाकडून 39 सामने खेळला आणि त्याच हंगामात परत लेथब्रिजला आला. मोठ्यांत कच्चा, पोरांत जड. योसी तेव्हा बर्नकडून पुऱ्या वाढलेल्या माणसांशी खेळत होता; 2010 मध्ये स्विस लीगचं विजेतेपद घेतलं आणि मगच अमेरिकेत गेला, तोही आधी मिलवॉकीच्या एएचएल संघात.

पुढे काय झालं ते बघा. योसी नॅशविलचा कप्तान झाला, 2020 मध्ये एनएचएलच्या सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याची. स्बिसा सात संघांतून फिरला. 2009 मध्ये ख्रिस प्राँगर आणि 2014 मध्ये रायन केसलर ह्या नावाजलेल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या सौद्यात तो तागडीत टाकला गेला. म्हणजे मोल होतं, पण संघ त्याच्याभोवती कुणी बांधला नाही. 2018 मध्ये वेगासबरोबर स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएल विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपर्यंत पोचला. एनएचएलमधला शेवटचा सामना नॅशविलकडून, योसीच्याच संघात.

खरं सांगायचं तर ही जोडी जराशी अन्यायाची आहे. योसीचं स्केटिंग कुठल्याही वाटेने त्याला वर नेणारच होतं. धट्ट्याकट्ट्या पोराने बघावं ते योनास झीगेनथालरकडे. तो झुरिकमध्ये तयार झाला, 2015 मध्ये वॉशिंग्टनने 57 वा घेतला, एनएचएलमध्ये पाऊल 2018 मध्ये. पुढे न्यू जर्सीत त्याने जम बसवला तो गोलवर नाही, तर समोरच्याला गोलपुढे उभंच राहू न देण्यावर.

माझं मत विचाराल तर घरचा क्लब मोठ्यांच्या संघात दर सामन्यात दहा-बारा मिनिटं खेळायला देत असेल, तर हलू नये. आणि स्विस लीगमध्ये परदेशी खेळाडूंवर मर्यादा असल्यामुळे चांगल्या स्विस बचावपटूला तिथे कायम मागणी असते. उशीर झाला म्हणून पोटापाण्याचं अडत नाही. पण क्लब ज्युनियर संघातच ठेवणार असेल आणि पोराचा खेळ मुळात अंगावर जाण्याचा असेल, तर लेथब्रिजसारखं गाव बरं. जाण्याआधी उलटं स्केटिंग मात्र घोटून घ्यावं. तिथे ते शिकवत बसत नाहीत.