आक्रमणानंतर आघाडीत शिरावे की बाहेर राहावे? फिनलंड आणि जॉर्जिया यांचा तुलनात्मक आढावा

बलाढ्य शेजाऱ्याने दुसऱ्या एखाद्या देशात सैन्य घुसवले की त्याच्या सीमेलगतच्या प्रत्येक राजधानीत एकच प्रश्न उभा राहतो: आता लष्करी आघाडीत शिरायचे, की बाहेर राहण्यातच शहाणपण आहे? २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यानंतर फिनलंड, स्वीडन, मोल्दोव्हा आणि जॉर्जिया यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. धास्ती सर्वांनीच घेतली. पण तिने कोणाला नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीच्या दारात नेऊन उभे केले, तर कोणाला त्या दाराकडे पाहणेही धोक्याचे वाटू लागले. अभ्यासक म्हणून असो, वादविवादाच्या तयारीसाठी असो, किंवा आयर्लंडसारख्या तटस्थ देशाचे नागरिकत्व घेतलेला मतदार म्हणून असो, ज्याला या विषयावर भूमिका ठरवायची आहे त्याने फिनलंड आणि जॉर्जिया ही जोडी आधी तपासावी, कारण बाकीच्यांची उदाहरणे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

त्याआधी दोन लोकप्रिय समजुती बाजूला ठेवणे आवश्यक आहे. तटस्थ राहिल्यास आक्रमण टळते, ही पहिली. युक्रेनने २०१० मध्ये कायदा करून कोणत्याही लष्करी गटात सामील न होण्याचे धोरण स्वीकारले होते, आणि २०१४ मध्ये क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेला तेव्हा तो कायदा अमलात होता. तो बदलला गेला त्याच वर्षाच्या डिसेंबरात. आघाडीने आश्वासन दिले की संरक्षण मिळाले, ही दुसरी समजूत. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या शिखर परिषदेत नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया हे देश पुढे सदस्य होतील असे जाहीर केले, मात्र कधी आणि कोणत्या टप्प्यांनी हे सांगितले नाही. चार महिन्यांत जॉर्जियात रशियाशी युद्ध झाले. शेजाऱ्याला डिवचण्याइतके ठोस आणि रक्षण करण्यास अपुरे असे आश्वासन हा सर्वांत वाईट पर्याय आहे, असे माझे मत आहे.

फिनलंड: आधी तयारी, मग अर्ज

फिनलंडची रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटर लांबीची सीमा आहे. १९३९-४० चे हिवाळी युद्ध आणि त्यामागोमाग आलेले दुसरे युद्ध यांत या देशाने करेलियाचा मोठा भाग गमावला, चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले, आणि सोव्हिएत संघाशी झालेल्या १९४८ च्या करारानंतर मॉस्कोला न दुखावण्याचे धोरण हेलसिंकीने शीतयुद्ध संपेपर्यंत सांभाळले. त्या धोरणाची पश्चिमेत बरीच हेटाळणी झाली. पण टीकाकारांनी एका गोष्टीकडे काणाडोळा केला: शेजारी देश सैन्य कमी करत असतानाही फिनलंडने पुरुषांसाठीची सक्तीची लष्करी सेवा कधीच बंद केली नाही, आणि युद्धकाळात २,८०,००० सैनिक उभे करण्याची व्यवस्था जिवंत ठेवली. हेलसिंकीच्या इताकेस्कुस भागातील सार्वजनिक जलतरण तलाव खडक फोडून जमिनीखाली बांधलेला आहे. एरवी तिथे लोक पोहायला येतात, आणि वेळ आली तर पाणी काढून ७२ तासांत सुमारे ३,८०० माणसांचा निवारा तयार करता येतो.

ही तयारी होती म्हणूनच जनमत पालटले तेव्हा निर्णय झपाट्याने घेता आला. अनेक वर्षे नाटो सदस्यत्वाला पाठिंबा देणारे फिनिश नागरिक पाचात किंवा चारात एक एवढेच असत, आणि जानेवारी २०२२ मध्ये पंतप्रधान सान्ना मारिन यांनीही आपल्या कार्यकाळात अर्ज होण्याची शक्यता फार कमी असल्याचे सांगितले होते. आक्रमणानंतर काही दिवसांतच सरकारी प्रसारण संस्थेच्या जनमत चाचणीत हे प्रमाण ५३ टक्के झाले, मे महिन्यात ७६ टक्के. १७ मे रोजी संसदेने १८८ विरुद्ध ८ मतांनी अर्जाला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड नाटोचा ३१वा सदस्य झाला.

मधल्या साडेदहा महिन्यांकडे निर्णय घेणाऱ्याने विशेष लक्ष द्यावे. अर्ज केला आहे, पण सामूहिक संरक्षणाचे, म्हणजे एका सदस्यावरचा हल्ला सर्वांवरचा मानणारे, कलम ५ अजून लागू नाही, असा हा काळ अर्जदारासाठी सर्वांत नाजूक असतो. फिनलंडला तो निभावता आला याची कारणे स्पष्ट आहेत. अर्जाच्या आठवडाभर आधीच ब्रिटनने फिनलंड आणि स्वीडनला परस्पर साहाय्याची लेखी ग्वाही दिली होती. युरोपीय संघाचे सदस्यत्व १९९५ पासून हाताशी होते. रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये अडकून पडले होते. आणि फिनलंडच्या भूमीचा एकही तुकडा वादग्रस्त नव्हता.

किंमत मात्र चुकली नाही. लापेनरांता आणि इमात्रा या सीमेजवळच्या शहरांतील दुकाने व हॉटेले रशियन पाहुण्यांवर बरीच अवलंबून होती. २०२३ च्या अखेरीस सीमा बंद झाल्यावर तो ओघ आटला. शिवाय जून २०२५ च्या नाटोच्या हेग परिषदेत ठरल्यानुसार २०३५ पर्यंत संरक्षण व त्याच्याशी निगडित बाबींवर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्क्यांपर्यंत खर्च न्यायचा आहे. हे ओझे करदात्यावरच पडणार.

जॉर्जिया: इच्छा असूनही अडकलेला देश

जॉर्जियाची गोष्ट नेमकी उलट्या क्रमाने घडली. जानेवारी २००८ च्या सार्वमतात सुमारे ७७ टक्के मतदारांनी नाटोच्या बाजूने कौल दिला, एप्रिलमध्ये बुखारेस्टचे आश्वासन आले, आणि ऑगस्टमधील पाच दिवसांच्या युद्धानंतर रशियाने अबखाझिया व दक्षिण ओसेशिया या प्रदेशांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. देशाची सुमारे एक पंचमांश भूमी तेव्हापासून राजधानी तिबिलिसीतील सरकारच्या ताब्यात नाही, आणि तिथे रशियाचे लष्करी तळ आहेत. खुर्वालेतीसारख्या गावात काटेरी तारांचे कुंपण वस्तीतून आणि शेतांतून गेलेले आहे, त्यामुळे एकाच गावातील माणसे दोन बाजूंना विभागली गेली आहेत. स्वतःच्याच भूमीवर परके सैन्य असलेल्या देशाला सदस्य करून घेणे म्हणजे पहिल्याच दिवशी युद्ध ओढवून घेणे, अशी धास्ती नाटोच्या अनेक सदस्यांना वाटते, आणि ती निराधार म्हणता येत नाही.

म्हणून २०२२ च्या आक्रमणाचा परिणाम इथे दुभंगलेला दिसतो. जनमत चाचण्यांत बहुसंख्य जॉर्जियन आजही युरोपीय संघ आणि नाटो यांच्या बाजूने बोलतात, आणि २०१८ पासून राज्यघटनेतही ते उद्दिष्ट नोंदलेले आहे. पण २०१२ पासून सत्तेत असलेल्या ‘जॉर्जियन ड्रीम’ पक्षाने युक्रेनच्या वाताहतीचा धडा वेगळा काढला. २०२४ च्या निवडणूक प्रचारात या पक्षाने एका बाजूला युक्रेनमधील उद्ध्वस्त इमारती आणि दुसऱ्या बाजूला जॉर्जियातील सुस्थितीतील वास्तू असे फलक लावले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला सरकारने युरोपीय संघाशी सदस्यत्वाची बोलणी २०२८ च्या अखेरपर्यंत पुढे ढकलल्याचे जाहीर केले, आणि लोक रस्त्यावर उतरले. या पक्षाने भीतीचा वापर सत्ता टिकवण्यासाठी केला, असे मला वाटते. तरीही २००८ चे युद्ध पाहिलेल्या मतदाराची भीती खोटी ठरवण्याचा अधिकार दूर बसलेल्या आपल्याला नाही.

मधल्या वाटा

स्वीडनचा प्रवास फिनलंडसारखाच, पण लांबलेला. १८१४ नंतर युद्धात न उतरलेल्या या देशाच्या पंतप्रधान माग्दालेना आंदेरसन यांनी ८ मार्च २०२२ रोजी अर्जामुळे परिस्थिती आणखी अस्थिर होईल असे म्हटले होते. दोन महिन्यांनी त्यांच्याच सरकारने अर्ज केला. तुर्कस्तान आणि हंगेरी यांनी अडवून धरल्यामुळे सदस्यत्व ७ मार्च २०२४ पर्यंत रखडले. आघाडीत प्रत्येक सदस्याच्या हाती नकाराधिकार असतो, हे अर्जदाराने आधीच गृहीत धरावे.

मोल्दोव्हाने तिसरी वाट धरली. १९९४ च्या राज्यघटनेत तटस्थता लिहिलेली असूनही ट्रान्सनिस्ट्रिया या देशातून फुटलेल्या पट्ट्यात रशियन सैनिक आहेत, आणि कोबास्ना येथील जुने दारूगोळ्याचे कोठार युक्रेनच्या सीमेला लागून आहे. नाटो सदस्यत्वाला मोल्दोव्हात बहुमताचा पाठिंबा नाही. युरोपीय संघाच्या बाजूने ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात मिळालेले बहुमतही ५०.३५ टक्के इतके निसटते होते. अशा देशाने नाटोची भाषा टाळून युरोपीय संघाचा रस्ता धरणे मला भित्रेपणाचे वाटत नाही. ऑस्ट्रियाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे: त्याच्याभोवती बहुतेक नाटोचेच देश असल्याने तटस्थता त्याला स्वस्तात परवडते. मराठी वाचकाला इथे १९६२ आठवेल. चिनी आक्रमणानंतर नेहरूंनी अमेरिकेकडे हवाई मदत मागितली, पण भारत आघाडीत गेला नाही. सोव्हिएत संघाशी करार झाला तो ऑगस्ट १९७१ मध्ये, तेव्हाही अलिप्ततेचे नाव न सोडता.

आघाडी कोणाची, हाही प्रश्न उरतोच. आर्मेनिया रशियाच्या नेतृत्वाखालील सामूहिक सुरक्षा करार संघटनेचा सदस्य होता. सप्टेंबर २०२२ मध्ये अझरबैजानने हल्ला केला तेव्हा आर्मेनियाने तिच्याकडे मदत मागितली, आणि सैन्याऐवजी पाहणी पथक आले. २०२४ मध्ये पंतप्रधान पाशिनियान यांनी त्या संघटनेतील सहभाग गोठवल्याचे सांगितले.

त्यामुळे ज्या देशाची भूमी अखंड आहे, ज्याचे सैन्य काही महिने एकट्याने तग धरू शकते आणि ज्याला प्रतीक्षेच्या काळासाठी एखाद्या समर्थ मित्राची लेखी हमी मिळते, त्याने उशीर न करता अर्ज करावा, आणि तोही शेजारी दुसरीकडे गुंतलेला असतानाच. ज्याच्या भूमीवर आधीच परके सैन्य आहे, त्याने जाहीर घोषणेऐवजी वीज, इंधन, सीमारक्षण आणि आर्थिक संबंध यांत आधी पैसा व वेळ घालावा, आणि तारीख नसलेले आश्वासन कोणी देऊ केले तर ते नम्रपणे नाकारावे.