श्रावणात वाचायला: कहाणीसंग्रह की संस्कृतिकोश?

मुलांसाठी आधी कहाणीसंग्रहच घ्या. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की पोरं सरसावून बसतात. सोमवारच्या कहाणीत राजाच्या हुकमाने आलेल्या गावभरच्या दुधाने महादेवाचा गाभारा भरत नाही. लेकरांना, वासरांना पाजून म्हातारीने आणलेल्या खुलभर दुधाने भरतो. न्याय म्हणजे काय, हे लहानग्यालाही त्यातून कळतं. नावडत्या राणीच्या छळाचे भाग मात्र मुलांशी बोलत बोलत वाचावेत.

पं. महादेवशास्त्री जोशी यांनी संपादित केलेला भारतीय संस्कृतिकोश १० खंडांचा. व्रत, दैवत किंवा क्षेत्र यांची नीट माहिती हवी असलेल्या मोठ्यांना तोच उपयोगी. सलग वाचायचा नाही. सण जवळ आला की त्याची नोंद उघडावी. घरी जागा नसेल तर ग्रंथालयात बसून वाचा.