पाताळपाणी–कालाकुंड ‘रेल ट्रेक’: गाडी झकास, पण वाट कुठंय?

आधी निकाल सांगते, कारणं मागून. इंदूरजवळच्या घाटातल्या पाताळपाणी–कालाकुंड हेरिटेज ट्रेनला पाचपैकी साडेचार. त्याच घाटात ‘रेल ट्रेक’ म्हणून जे पॅकेज विकलं जातं त्याला एक, आणि तोही जेवणातल्या दाल-बाफल्याचा. पॅकेजवाल्यांचं नाव लिहीत नाही. पावसाळा लागला की इंदुरात प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हिरव्या घाटाचा तोच फोटो फिरायला लागतो, फक्त खालचा मोबाइल नंबर बदलतो.

पॅकेज असं: माणशी साडेआठशे. पहाटे राजेंद्रनगरहून मिनीबस, पाताळपाणीला पोहे-जिलबी, मग “निसर्गरम्य रेल्वे ट्रेल”वरून घाट उतरायचा, कालाकुंडला जेवायचं आणि दुपारच्या गाडीने वर यायचं. माझी सगळी नोकरी रस्त्यांचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाले तरी कुठे नवी वाट निघाली म्हटलं की पाय शिवशिवतात. त्यात पुण्याहून वन्सं आलेल्या, सोबत त्यांचा मुलगा, जो सायकलीखेरीज कशाबद्दल बोलतच नाही. तिघांचे पैसे भरले.

वाट वगैरे काही नव्हती. रुळांमधूनच चालायचं होतं.

रुळांवरून चालणं काय असतं ते ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. स्लीपर अशा अंतरावर टाकलेले असतात की प्रत्येकावर पाय ठेवलात तर पाऊल आखूड पडतं आणि एक सोडून ठेवलात तर ढांग टाकावी लागते. माणसाच्या चालीला ते माप कुठूनच जुळत नाही. मधल्या खडीवर उतरावं तर दगड बुटाखाली सरकतो आणि घोटा वळतो. नजर सतत पायाशी, म्हणजे ज्या दरीसाठी आलो ती बघायची तर जागीच थांबायला हवं. वन्सं पासष्टीच्या, एका गुडघ्याला पट्टा. पाव तासात त्या म्हणाल्या, “वहिनी, हे चालणं नाही, हा लंगडीचा डाव आहे.”

वळणापलीकडे पूल लागला. उघडा पूल, म्हणजे स्लीपरच्या मधून थेट खालचा नाला दिसतो आणि कडेला कठडा नाही. आमच्या गाइडचं (वय असेल बावीस, गळ्यात शिट्टी) म्हणणं, “काकू, गाडी दिवसातून एकदाच खाली येते, अकरानंतर. बिनधास्त चला.” तेवढ्यात समोरून खांद्यावर पाना घेतलेला गँगमन आला आणि त्याने सगळ्यांना तिथल्या तिथे झापलं. गाडी एकच असली तरी तपासणीची ट्रॉली कधीही येते, पुलावर पळायला जागा नसते, एवढंच तो सांगत होता. गाइडने त्याला बाजूला घेतलं, हसत काहीतरी बोलला, आणि बाकीची मंडळी पूल ओलांडून गेली. मी, वन्सं आणि भाचा मागे फिरलो. भाचा धुसफुसला, पण आईसमोर चाललं नाही.

हे भित्रेपण नाही हो. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३ च्या जुलैत दूधसागरला रुळांवरून निघालेल्या ट्रेकर्सना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. साडेआठशे रुपये घेऊन गिऱ्हाइकाला गुन्ह्यात घालायचं आणि वर ‘ॲडव्हेंचर सर्टिफिकेट’ द्यायचं, हा धंदा मला पटत नाही.

आता गाडीबद्दल. मागे फिरून पाताळपाणी स्टेशनात आलो, साध्या डब्यात जागा मिळाली आणि अकराच्या सुमारास आम्ही निघालो. साडेनऊ किलोमीटरला जवळजवळ दोन तास, आणि तो वेळ अजिबात जाचत नाही. धबधब्याच्या समोर थांबते, टंट्या मामांच्या देवळापाशी थांबते. जुन्या पॅसेंजरसुद्धा तिथे थांबून शिट्टी देऊन पुढे जायच्या, आमच्या सासूबाई त्या वेळी हात जोडायच्या. टंट्या मामा म्हणजे इंग्रजांशी लढलेले आदिवासी नेते टंट्या भिल्ल; त्यांना इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी दिलं. या घाटातला माणूस अजून त्यांना मामाच म्हणतो. गाडी थांबली की लोक उतरून फोटो काढतात, गार्ड शिट्टी मारतो, एखादं कुटुंब कणीस सोलत बसलेलं असतं ते पळत येतं. विस्टाडोमच्या डब्यात काच मोठी आणि थंडगार हवा, पण तिकीट अडीचशेच्या वर. माझं मत विचाराल तर साधा डबा घ्या. खिडकीतून बोगद्याचा ओला वास येतो, तो एसीत येत नाही.

चढ इथे चाळीसास एक, म्हणजे शंभर मीटरला अडीच मीटर. आगगाडीला हे फार. म्हणून कालाकुंडहून वर चढताना गाडीला मागून दुसरं इंजिन लावायची पद्धत. पण सायकलवाल्याला विचारा! भाच्याने फोनवर हिशेब करून सांगितलं, “मामी, अडीच टक्के म्हणजे काहीच नाही, शाळेतली पोरं चढतील.” जो चढ इंजिनाच्या नाकी नऊ आणतो तोच पायी आणि सायकलने जाणाऱ्याला सोयीचा, कारण रेल्वेवाल्यांनी डोंगराला वळसे घालून तो आधीच सौम्य करून ठेवलाय. हे काम दीडशे वर्षांपूर्वी झालं. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं, खंडव्याहून इंदूरपर्यंत लाइन आणण्यासाठी. होळकर स्टेट रेल्वे तिचं नाव. म्हणजे हा घाट आपल्याच पैशाने फोडलेला आहे, आणि त्यावरून आपल्याला चोरासारखं चालावं लागतंय.

खिडकीत बसून मी जुन्या सवयीने बघत होते, वाट कुठे बसेल आणि कुठे नाही. महूपासून पाताळपाणीपर्यंत प्रश्नच नाही. पठार आहे, बाजूला जमीन आहे, रुळांपासून सुरक्षित अंतर सोडून जाळी आणि जाळीबाहेर तीन मीटरचा रस्ता, समोरासमोर दोन सायकली आणि एक चालणारा मावेल एवढा. फक्त खाली काळी माती आहे, तिच्यावर थेट काही करू नका. पहिल्या पावसात तिचा गोळा चाकाला बसतो. माती काढून मुरूम टाका, दाबा, कडेने नाली द्या.

घाटात मात्र रुळांच्या बाजूला वीतभर जागा नाही. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. तिथे रेल्वेच्या बांधावर वाट काढायचा हट्ट करणारा माणूस घाटात आलेलाच नाही. तिथे वाट रुळांपासून तोडायची. गावकऱ्यांच्या पायवाटा आहेतच, खिडकीतून जागोजागी दिसतात, डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका त्यांवरूनच जात होत्या. त्या जोडायच्या. बोगदे चार, ते गाडीसाठी राहू द्यावेत, माणसाने डोंगराच्या सोंडेवरून जावं; तसाही देखावा वरूनच आहे. नाल्यांवर लहान लोखंडी साकव. जमीन बरीचशी जंगल खात्याची, म्हणजे रेल्वे आणि जंगल या दोघांना एका टेबलाशी बसवल्याखेरीज पान हलणार नाही. धबधब्याच्या वरच्या अंगाने वाट नेऊ नये. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला अचानक लोंढा आला आणि पाण्यात उभी माणसं वाहून गेली. वर पाऊस झाला तर खाली उन्हात उभ्या माणसाला कळत नाही.

सगळ्यात मोठी संधी आहे ती कालाकुंडच्या खाली. २०२३ च्या सुरुवातीला महू–ओंकारेश्वर रोड मीटरगेज, म्हणजे मीटरभर रुंदीची जुनी लाइन, हा हेरिटेज तुकडा सोडून बंद झाली. नवी ब्रॉडगेज, म्हणजे रुंद लाइन, घाटात वेगळ्या, लांबच्या आणि कमी चढाच्या वळणाने जायची आहे. म्हणजे जुन्या लाइनीचा जो तुकडा नव्या लाइनीत येत नाही, तिथे बांध तयार, पूल तयार, चढ तयार. बांधाच्या माथ्यावर तीन मीटरची वाट आरामात बसते. पुलांना फळ्या आणि कठडे लावले की झालं. अमेरिकेत मिसुरीमध्ये केटी ट्रेल म्हणून सुमारे ३८५ किलोमीटरची वाट अशाच बंद लाइनीवर आहे. तिथे १९८३ मध्ये कायदा झाला की लाइन बंद पडली तरी तिच्याखालचा जमिनीचा पट्टा अखंड ठेवता यावा, तोवर त्यावर लोक चालोत, आणि उद्या रेल्वेला हवा झाला तर तो परत घेता यावा. मला यातलं ‘अखंड’ फार महत्त्वाचं वाटतं. नकाशावर आम्ही किती पट्टे बघितले, रूळ निघाले की वर्षभरात एक टपरी, मग एक गोठा, मग एका कॉलनीचं गेट. मधला दोनशे मीटरचा तुकडा गेला की पुढचे वीस किलोमीटर कागदावरच राहतात. डांबर, बाकं, सेल्फी पॉइंट दहा वर्षांनी केले तरी चालतील. हद्दीचे दगड आज हवेत.

आणि हे फक्त सायकलवाल्या पोरांसाठी नाही. श्रावणात ओंकारेश्वरहून नर्मदेचं पाणी घेऊन उज्जैनला महाकालाकडे जाणारे कावडिये बघा. इंदूर–खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात ट्रकच्या चाकाला चाक लावून अनवाणी चालतात. नर्मदा परिक्रमावाले किनाऱ्याने चालतात, त्यांच्यासाठी गावोगाव सदावर्त आहे, चालणाऱ्याला जेवू घालायची रीत या मुलखाला शिकवावी लागत नाही. ओंकारेश्वर ते महू अशी एक सलग वाट निघाली तर पहिल्या वर्षी तिच्यावर हेल्मेट कमी आणि भगवी उपरणी जास्त दिसतील. नियोजन करणाऱ्याने हे धरून पाणपोया, संडास आणि सावली ठरवावी. माझ्या मते दर तीन किलोमीटरला पाणी आणि निदान घाटाच्या दोन्ही टोकांना बायकांसाठी वेगळा संडास, याशिवाय वाट उघडूच नये.

“हे असलं आपल्याकडे होत नाही,” असं वन्सं म्हणाल्या. मी म्हटलं, माथेरानला काय करता? दस्तुरी नाक्यावरून सगळं गाव रुळांच्या कडेकडेने चालत वर जातं, बॅगा घेऊन, पोरं घेऊन, बाजूने छोटी गाडी जाते. तिथे कोणी ‘ॲडव्हेंचर’ म्हणत नाही. त्यावर त्या गप्प बसल्या, म्हणजे पटलं.

कालाकुंडला उतरलो तर आमचा बाकी ग्रुप आधीच पोचलेला. एका मुलीचा घोटा टम्म सुजला होता आणि प्रथमोपचार पेटीत क्रेप बँडेज नव्हतं, दोन बँडएड आणि ओआरएसची पुडी होती. वन्संनी स्वतःच्या गुडघ्याचा पट्टा काढून तिला बांधला. गाइडची शिट्टी तेवढी शाबूत. दाल-बाफले मात्र उत्तम, बाफला कुरकुरीत, तुपात बुडवलेला, डाळीला लसणाची फोडणी. वाढणाऱ्या बाईंनी तिसरा नको म्हटलं तरी वाढला. पैसे परत मागितले तर “आपने ट्रेक पूरा नहीं किया ना मॅडम” असं उत्तर आलं. भाच्याने रिव्ह्यू टाकीन म्हणून धमकी दिली, तो मीच टाकतेय.

जाणाऱ्यांसाठी: पॅकेज घेऊ नका. गाडी पावसाळ्यात शनिवार-रविवारी असते, तिकीट स्वतः काढा, आधी काढा. इंदूरहून पाताळपाणी सुमारे पस्तीस किलोमीटर, महूमार्गे. वाटेत पोहे महूला खा. चालायची हौस असेल तर कालाकुंडला मधल्या अडीच तासांत नदीच्या अंगाने गावात फिरून या, रुळांवर नको. कालाकंद स्टेशनवरच पानाच्या द्रोणात मिळतो, खरपूस आणि कमी गोड. जेवणाच्या आधीच घेऊन ठेवा, परतीच्या वेळेला विकणाऱ्या बायकांच्या परातीत चुराच उरलेला असतो.