तंबोऱ्याची जवारी पाहायला फुकटचं कोणतं सॉफ्टवेअर?

तंतुवाद्यं घडवणाऱ्या मिरजेत जवारी (घोडीवर तार अशी टेकवणं की नाद भरदार, झणझणीत येतो) कानानेच लागते आणि ती तशीच लागावी. पण दोन तंबोऱ्यांतला फरक नव्या कारागिराला डोळ्यांनी दाखवायचा असेल, तर 'सॉनिक व्हिज्युअलायझर' आधी उतरवून घ्या. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालंय, पूर्ण मोफत आहे.

फाइल उघडा, स्पेक्ट्रोग्रामचा (कोणत्या क्षणी कोणती कंप्रता किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या चित्राचा) लेयर जोडा आणि विंडो, म्हणजे एका वेळी तपासायच्या ध्वनिनमुन्यांची संख्या, ८१९२ ठेवा. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तंबोऱ्याचा खरज, म्हणजे सगळ्यांत खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झचा, म्हणजे त्याच तारेतून निघणारे वरचे आंशिक स्वरही ६९-६९च्या अंतराने येतात. सेकंदाला ४४१०० नमुन्यांच्या रेकॉर्डिंगवर १०२४ची विंडो लावली तर चित्रातलं एक घर (कंप्रतेचा सगळ्यांत लहान कप्पा) ४३ हर्ट्झचं होतं, रेषा एकमेकींत मिसळतात आणि नुसता जाड पट्टा दिसतो. ८१९२ला घर साडेपाच हर्ट्झचं. मग रेषा सुट्या होतात आणि जवारी खुली असेल तर तार छेडल्यावर वरच्या रेषांवरचा उजळपणा हळूहळू खाली सरकताना स्पष्ट दिसतो. फार देखणं चित्र असतं ते!

ऑडॅसिटी हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगच्या कापाकापीला उत्तम. त्यातला 'प्लॉट स्पेक्ट्रम' मात्र निवडलेल्या तुकड्याची सरासरी काढतो, त्यात ही सगळी हालचाल पुसली जाते.

'प्रात' (Praat) हे तिसरं सॉफ्टवेअर ॲमस्टरडॅम विद्यापीठाचं, मूळचं उच्चारांच्या अभ्यासासाठी. ते एका वेळी एकच स्वर धरतं, त्यामुळे चारही तारा वाजत असतील तर आकडा भलताच येतो. एकच तार छेडा, बाकीच्या तारा बोटांनी दाबून धरा, पिच फ्लोअर (शोधायच्या स्वराची खालची मर्यादा) ५० हर्ट्झ करा.

मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणारी सोय) बंदच हवं. तंबोऱ्याची लांब आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, त्याला गोंगाट वाटते आणि ते तीच कापतं.